घरासाठी जुनं लिहिण्याचं टेबल किंवा कपाट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हे घेऊ का?" असं विचारत लोक मला जुन्या टेबलाचा किंवा कपाटाचा फोटो पाठवतात. फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो, छान उजेडात. मी दर वेळी आणखी तीन फोटो मागते: पाठीचा, खालच्या बाजूचा आणि पूर्ण बाहेर काढून उलटा ठेवलेल्या ड्रॉवरचा. ज्या बाजू कुणी बघणार नाही असं बनवणाऱ्याला वाटलं, त्या बाजूंवर त्याने रंगसफेती केलेली नसते. खालची बरीचशी उत्तरं त्या तीन फोटोंवरच उभी आहेत.

१. अँटिक कशाला म्हणायचं आणि व्हिंटेज कशाला?

शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू ती अँटिक, ही सर्वांत जास्त मानली जाणारी व्याख्या. ती मुळात जकातीच्या हिशेबातून रुळली. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्यात १८३० पूर्वीच्या वस्तूंना जकातमाफी होती. १९६६ मध्ये तिथे ठरावीक सालाऐवजी 'शंभर वर्षं' ही सरकती अट आली. 'व्हिंटेज'ला अशी पक्की रेघ नाही. साधारण चाळीस ते शंभर वर्षांमधलं, आपल्या काळाची शैली दाखवणारं फर्निचर, असा व्यवहारातला अर्थ आहे. 'रेट्रो' म्हणजे बहुधा जुन्या धर्तीवर नव्याने बनवलेलं.

यात एक गुंता लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात अठराव्या शतकातल्या शैलींच्या नकला भरपूर बनल्या. त्या नकलांनाही आता शंभरच्या वर वर्षं झाली, त्यामुळे त्या अँटिक आहेतच. फक्त त्यांच्या शैलीचं वय त्यांचं स्वतःचं वय म्हणून सांगितलं जात नाही ना, एवढं बघा.

२. जितकं जुनं तितकं चांगलं, असं असतं का?

नाही. प्रत्येक काळात उत्तम कामही झालं आणि घाईचं कामही झालं. १९५०–६० च्या दशकांतलं नीट सांधलेलं सागवानी टेबल रोजच्या वापराला एखाद्या खिळखिळ्या दीडशे वर्षांच्या टेबलापेक्षा कितीतरी चांगलं. मी आधी सांधे बघते, मग लाकूड, मग प्रमाणबद्धता. वय त्यानंतर.

३. जुन्या टेबलांची नावं ऐकून गोंधळ होतो. मुख्य प्रकार कोणते?

पेडेस्टल डेस्क म्हणजे दोन बाजूंना ड्रॉवरांचे खांब आणि वर सपाट फळी. तेच दुप्पट खोलीचं, दोघांना समोरासमोर बसता येईल असं, ते पार्टनर्स डेस्क. ब्युरोला तिरकं झाकण असतं. ते पुढे उघडलं की लिहायची फळी होते आणि आत छोटे खण दिसतात. सेक्रेटेअर बाहेरून ड्रॉवरांच्या कपाटासारखा दिसतो, पण वरच्या ड्रॉवरचं तोंड खाली पडतं आणि तिथे लिहायची जागा मिळते. डेव्हनपोर्ट हे लहान, उतरत्या झाकणाचं टेबल, ड्रॉवर बाजूला. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या गिलो या फर्निचर कारखान्याच्या १७९० च्या दशकातल्या नोंदींमध्ये कुणा कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी केलेलं टेबल आहे. नाव तिथून आलं असं मानतात.

रोलटॉप म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं गुंडाळत वर जाणारं झाकण. हे सरकतं झाकण कापडाला चिकटवलेल्या पट्ट्यांचं असतं. घेण्याआधी ते तीन-चारदा वरखाली करून बघा, कारण आतलं कापड फाटलं की सगळं झाकण काढून पुन्हा बांधावं लागतं. विल्यम वूटनने इंडियानापोलिसमध्ये १८७४ साली पेटंट घेतलेलं टेबल तर कपाटासारखं दोन्ही पंख उघडतं आणि आत कागदांसाठी कितीतरी कप्पे असतात. ते बघायला अप्रतिम आहे, पण पंख उघडायला अख्खी भिंत मोकळी लागते.

ब्युरो घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. झाकण उघडण्याआधी त्याच्या खालचे दोन दांडे बाहेर ओढायचे असतात, झाकण त्यांच्यावर टेकतं. ते न ओढता झाकण पाडलं की सगळा भार बिजागऱ्यांवर येतो आणि स्क्रूसकट लाकडाचा तुकडा निघतो. माझ्याकडे येणाऱ्या ब्युरोंपैकी कितीतरींना नेमकी हीच जखम असते. म्हणून बिजागरीभोवतीचं लाकूड बोट फिरवून तपासा. तिथे वेगळ्या रंगाचा तुकडा बसवलेला असेल तर दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती घट्ट असेल तर हरकत नाही.

४. मला दिवसभर लॅपटॉपवर काम करायचं असतं. जुनं टेबल चालेल?

चालेल, पण टेप घेऊन जा आणि खुर्चीवर बसून बघा. लिहिण्याच्या टेबलाची उंची बहुधा ७३ ते ७६ सेंटिमीटर असते. हाताने लिहायला ती ठीक आहे. सतत टाइप करायला बऱ्याच जणांना ६५ ते ७० बरी पडते, तेव्हा खुर्ची उंच करून पायांखाली पाट घ्यावा लागेल.

लोक फळीची उंची मोजतात आणि फळीखालच्या मधल्या ड्रॉवरला विसरतात. जमिनीपासून त्या ड्रॉवरच्या तळापर्यंत निदान ६० सेंटिमीटर हवेत, नाहीतर मांड्या घासतात. दोन खांबांमधली रुंदीही तितकीच हवी, आणि खुर्चीला हात असतील तर ते आत जातात का ते बघा. ब्युरो आणि डेव्हनपोर्टची लिहायची जागा पुढे-मागे उथळ असते. लॅपटॉप मावतो, वेगळा मोठा स्क्रीन मावत नाही.

टेबलाची उंची कमी पडली तर त्याच्या पायांखाली ठोकळे द्या. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं प्रसिद्ध रेझोल्यूट डेस्क १८८० साली एका ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडातून बनलं. १९६१ मध्ये त्याचीही उंची खाली सुमारे ५ सेंटिमीटरचा चौथरा बसवून वाढवली होती. उंची जास्त झाली म्हणून पाय मात्र कापू नका. कापलेला पाय परत येत नाही, आणि टेबलाची सगळी प्रमाणंच बिघडतात.

५. साठवणीसाठी कोणतं जुनं फर्निचर घ्यावं?

काय ठेवायचं आहे ते आधी ठरवा. घडीच्या कपड्यांना ड्रॉवरांचं साधं कपाट उत्तम. चादरी-ब्लँकेटांना पेटारा चालतो, पण रोज लागणारं त्यात ठेवू नका. खालची वस्तू काढायला सगळं उपसावं लागतं, आणि वर काही ठेवलं असेल तर आधी तेही हलवावं लागतं. नकाशांचं रुंद, उथळ ड्रॉवरांचं कपाट चित्रकार आणि वास्तुरचनाकारांना वरदान आहे. ए१ कागद ५९.४ बाय ८४.१ सेंटिमीटरचा असतो, तो सपाट मावतो का एवढं मोजून घ्या.

ग्रंथालयांतली कार्डांची कपाटं सध्या अनेकांना हवी असतात. त्यांचे ड्रॉवर ७.५ बाय १२.५ सेंटिमीटरच्या कार्डासाठी केलेले असतात, अरुंद आणि लांब. चार्जर, पेन, दोरे, बिया, स्क्रू यांना ते आदर्श आहेत. मोजे-रुमाल ठेवायला घेतलं तर निराशा होईल.

पुस्तकांसाठी माझा आवडता प्रकार म्हणजे एकावर एक रचायची काचेची कपाटं. सिनसिनाटीच्या ग्लोब-वर्निकी कंपनीची अशी कपाटं सर्वांत ओळखीची. प्रत्येक मजला वेगळा असतो आणि काचेचं दार वर उचलून आत सरकतं. घर बदललं की मजले सुटे करून नेता येतात. घेताना सर्वांत खालचा पाया आणि सर्वांत वरचं झाकण सोबत आहे का ते विचारा. मधले मजले मिळतात, पण मापाचा पाया आणि झाकण शोधण्यात वर्षं जातात.

६. जुन्या कपाटात हँगर आडवा का मावत नाही?

कारण ते कपाट हँगरसाठी बनलेलंच नसतं. पूर्वी कपडे घडी करून फळ्यांवर ठेवत किंवा मागच्या खुंट्यांना अडकवत. आडव्या दांडीवरच्या हँगरला आतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते, आणि जुनी कपाटं बऱ्याचदा त्याहून उथळ असतात. मागून पुढे ओढता येणारी छोटी दांडी बसवता येते. कपडे कमी मावतात, पण कपाटाची पाठ फोडावी लागत नाही.

७. हे खरंच जुनं आहे की जुन्यासारखं केलेलं, कसं ओळखायचं?

एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उजेडात उलटा करा. मला हे काम फार प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कोपरे बघा. कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवलेले दिसतील, त्याला डव्हटेल सांधा म्हणतात. हाताने कापलेले दात थोडे कमीजास्त रुंद असतात, एखादा किंचित तिरका असतो, आणि कारागिराने आखलेली बारीक रेघ अजून दिसते. एकसारखे, मोजून काढल्यासारखे दात यंत्राचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. अर्धगोल आणि मध्ये गोल खुंटी अशी रचना दिसली तर ते बहुधा अमेरिकेतलं, १८७० च्या दशकापासून साधारण १९०० पर्यंतचं काम.

मग तळ बघा. त्यावर तिरका उजेड टाकून बोटांची टोकं फिरवा. हाताच्या रंध्याने काढलेल्या फळीवर हलक्या लाटा जाणवतात. सरळ समांतर ओरखडे म्हणजे पट्टीची करवत, आणि कमानीसारखे वळलेले ओरखडे म्हणजे गोल करवत. गोल करवत साधारण १८३० नंतर सर्रास आली.

त्यानंतर झीज. ड्रॉवर शंभर वर्षं उघडबंद झाला असेल तर त्याच्या बाजूच्या फळ्यांची खालची कड घासून गोलसर झालेली असते, आणि कपाटाच्या आतल्या पट्टीत तिच्याच मापाची खाच पडलेली असते. दोन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एकाला झीज आहे आणि दुसरी कोरीकरकरीत, तर काहीतरी बदललेलं आहे. झीज हात जिथे लागतो तिथेच हवी: मुठीखाली, झाकणाच्या कडेला, पाय टेकायच्या दांड्यावर. सगळीकडे सारखीच 'झिजवलेली' वस्तू संशयास्पद.

रंगही बोलतो. आतल्या, पॉलिश न केलेल्या लाकडाला हवा लागते तिथे ते काळपट होतं आणि झाकलेल्या जागी फिकट राहतं. ड्रॉवराच्या तळाला सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसला तर तो बहुधा फासलेला असतो. ओल्या फडक्याने कोपरा पुसा, रंग फडक्यावर येतो का बघा.

एकदा एका साध्याशा टेबलाच्या ड्रॉवरच्या मागच्या फळीवर मला पेन्सिलने काढलेला आकडा दिसला. शेजारच्या ड्रॉवरवर पुढचा आकडा, आणि टेबलाच्या आत त्या-त्या जागी तेच आकडे. सुताराने कुठला ड्रॉवर कुठे बसतो याची केलेली ती खूण. ड्रॉवर अदलाबदल झाले होते, म्हणून ते अडकत होते. आकड्यांप्रमाणे लावले आणि सगळे सुरळीत सरकले.

८. सगळं जुनं दिसतंय, पण एक अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचा स्क्रू आहे. म्हणजे फसवणूक का?

तेवढ्यावरून नाही. अधिकच्या खाचेच्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं, म्हणजे तो स्क्रू त्यानंतर बसवला गेला एवढंच कळतं. कुणीतरी बिजागरी घट्ट केली असेल. तो काढून भोक बघा. भोकात जुन्या, जाड स्क्रूची पडलेली जागा असेल तर ती दुरुस्ती. सगळे स्क्रू तसलेच आणि भोकं ताजी, तर वस्तूच अलीकडची.

साधारण १८४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचं टोक बोथट असे आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मध्यावर नसे. गोल तारेचे खिळे १८८० नंतर सर्रास वापरात आले, त्याआधीचे खिळे चौकोनी छेदाचे. पण खिळे-स्क्रू बदलता येतात, झीज सहजी बदलता येत नाही. दोघांत मतभेद झाला तर प्रश्न ७ मधल्या झिजेवर विश्वास ठेवा.

९. "भरीव लाकूड नाही, व्हिनिअर आहे" असं कळलं. म्हणजे हलकं काम ना?

व्हिनिअर म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पत्रा. ते हलकं काम, हा गैरसमज मनातून काढून टाका. इतिहासातलं सर्वांत उंची फर्निचर व्हिनिअरचंच आहे. आक्रोडाची किंवा महोगनीची सुंदर नक्षीची रेषा दुर्मीळ असते. तिचे पातळ पत्रे कापून आरशातल्यासारखे जोडले की ती नक्षी उमलते. भरीव फळी तशी कापून वापरली तर वाकते आणि तडकते.

जाडी मात्र बघा. हाताने करवतलेलं जुनं व्हिनिअर दीड ते तीन मिलिमीटर भरतं, यंत्राच्या सुरीने सोललेलं मिलिमीटरहून कमी. कडेला किंवा एखाद्या टवक्यात ही जाडी दिसते. पातळ व्हिनिअरला पॉलिशपेपर लावायचा धोका पत्करू नका, दोन हातांत खालचं लाकूड उघडं पडतं. नखाने सगळीकडे हलकं टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे व्हिनिअर सुटलेलं आहे. जुनं फर्निचर सरसाने जोडलेलं असतं आणि सरस उष्णता-ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे असे फुगे जाणकाराला बसवता येतात. गळालेला मोठा तुकडा जुळवणं मात्र अवघड, म्हणून निघालेले कपचे पाकिटात जपून ठेवा.

१०. 'मॅरेज' झालेलं फर्निचर म्हणजे काय?

दोन वेगळ्या वस्तूंचे भाग जुळवून एक केलेली वस्तू. खालचा ब्युरो एका घरचा, वरचं काचेचं कपाट दुसऱ्या घरचं. दोन्ही भागांच्या पाठीच्या फळ्या शेजारीशेजारी बघा: लाकूड, जाडी, रंग, खिळे एकाच हातचे वाटतात का. दोन्हीकडचे डव्हटेल जुळतात का. वरचा भाग उचलून खालच्याचा माथा बघा. जी जागा कधी दिसणारच नव्हती तिथे सुंदर व्हिनिअर आणि पॉलिश असेल, तर तो माथा पूर्वी उघडा होता.

असं टेबल घेऊ नये असं मी म्हणणार नाही. घरात वापरायला, दोन्ही भाग चांगले असतील तर खुशाल घ्या. फक्त ते मूळ जोडी म्हणून विकलं जात असेल तर त्या भावाने घेऊ नका.

११. मुठी बदललेल्या आहेत हे कसं कळतं? त्याने फरक पडतो का?

ड्रॉवरच्या तोंडाच्या आतल्या बाजूला बुजवलेली भोकं मोजा. आत दोन जोड्या आणि बाहेर एकच मूठ, तर मुठी बदलल्या. फॅशनप्रमाणे लोकांनी मुठी नेहमीच बदलल्या, त्यामुळे हा मोठा दोष नाही. उलट, बाहेर बुजवलेली भोकं आहेत आणि आत त्या जागी काहीच नाही, तर ड्रॉवरचं तोंड दुसऱ्या वस्तूचं असू शकतं. मग प्रश्न १० कडे वळा.

१२. लाकडाला बारीक भोकं आहेत. कीड जिवंत आहे की जुनी?

भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची वाट, नुकसान आत त्याआधीच झालेलं असतं. फर्निचरच्या सामान्य भुंगेऱ्याची भोकं दीड ते दोन मिलिमीटरची गोल असतात आणि त्याची अळी लाकडात काही वर्षं राहते. म्हणून "गेल्या वर्षी काही दिसलं नाही" हा पुरावा नाही. जिवंत किडीची खूण म्हणजे भोकाच्या कडा ताज्या, आतून फिकट, आणि खाली पडलेली बारीक भुकटी. वस्तूखाली काळा कागद पसरा, भोकांभोवती खडूने खूण करा आणि काही आठवडे हलवू नका. हलवलं तर जुनी भुकटीही पडते आणि उगाच धास्ती वाटते. टाल्कसारखी फार मऊ पूड वेगळ्या भुंगेऱ्याची. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, तिचा उपाय फर्निचरपुरता नसतो, जागेचाच करावा लागतो.

संशय असेल तोवर ती वस्तू बाकीच्या लाकडी सामानापासून दूर ठेवा. लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवणं हा संग्रहालयांमध्ये वापरला जाणारा उपाय आहे. मोठ्या कपाटाला कीटकनाशक किंवा प्राणवायूविरहित तंबू लागतो, ते व्यावसायिकाकडूनच करून घ्या. व्हिनिअरच्या आणि रंगकामाच्या वस्तूंना तर विचारल्याशिवाय काहीच करू नका.

आता अपवाद. भोकं जुनेपणा दाखवायला मुद्दाम पाडलेलीही असतात. बारीक तार घालून बघा. ड्रिलचं भोक सरळ जातं, किडीचं लगेच वळतं. आणि पृष्ठभागावर आडवे, उघडे पडलेले बोगदे दिसले तर ते लाकूड कीड लागून गेल्यावर पुन्हा कापलं किंवा रंधलं आहे. किडा कधी फळीच्या बाहेरच्या अंगावर चर खणत जात नाही.

१३. आतून फार वास येतो. जाईल का?

कोंदट वास बहुधा जातो: ड्रॉवर काढून सावलीत, वाऱ्यावर काही दिवस ठेवा, आतून ब्रशने झाडा, जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसा. सिगारेटचा आणि डांबरगोळ्यांचा वास चिवट असतो. महिनाभर हवा देऊनही राहिला तर ड्रॉवरच्या आतल्या बाजूला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिल्यास तो बंद होतो. बुरशीचे डाग असतील तर आधी ओलावा कुठून येतो ते शोधा.

१४. पॉलिश काळवंडलंय. सगळं उतरवून नवं करू का?

आधी थांबा. काळेपणा बऱ्याचदा मेण आणि धुळीचा असतो, पॉलिशचा नसतो. पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं मऊ फडकं, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी. पुष्कळदा एवढ्यानेच खालचा उबदार रंग वर येतो. तो रंग, हातांच्या स्पर्शाची ती लकाकी, शंभर वर्षांच्या उजेडाने तयार झालेली असते. पॉलिशपेपर घासला की पाच मिनिटांत ती कायमची जाते.

कोणतं पॉलिश आहे ते ओळखायला कापसाच्या बोळ्यावर थोडं अल्कोहोल घेऊन आतल्या कडेला टेकवा. चिकट होऊन विरघळलं तर ते लाखेचं, म्हणजे शेलॅक. त्याची दुरुस्ती सोपी आहे, नवा थर जुन्यात मिसळून जातो, पांढरे डागही बहुधा निघतात. १९२० च्या दशकापासून कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, त्याला लॅकरचा थिनर लागतो. कशालाच दाद देत नसेल तर नंतरचं कृत्रिम व्हार्निश असू शकतं.

जे कारखान्यात हजारोंनी बनलं, ज्याचं व्हार्निश आता सोलून निघतंय आणि लाकूड भरीव आहे, ते उतरवून नव्याने करायला माझी हरकत नाही. हाताने बनलेली, मूळ पॉलिश टिकलेली वस्तू मात्र उतरवू नका. स्प्रेचं सिलिकॉनवालं पॉलिशही टाळा, पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर नवा थर त्यावर धरत नाही. साधं मेण वर्षातून एकदोनदा पुरे. जुना रंग असेल तर त्याबद्दल प्रश्न १८ वाचल्याशिवाय घासायला बसू नका.

१५. ड्रॉवर अडकतो. रंधा मारून घेऊ का?

दमट दिवसांत तर अजिबात नको. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं, कोरडी हवा आली की परत आक्रसतं. आज रंधलं तर चार महिन्यांनी तो ड्रॉवर खडखडेल. आधी ड्रॉवरांची अदलाबदल झाली नाही ना ते बघा, मग खालच्या कडांना आणि पट्ट्यांना मेणबत्ती घासा. तरी खाली लटकत असेल तर पट्टी झिजली आहे. तिच्यावर त्याच लाकडाची पातळ चिप्पी चिकटवून घ्या, आणि चिकटवायला सरसच वापरा, म्हणजे ती पुन्हा सोडवता येईल.

१६. कुलूप आहे पण किल्ली नाही. आणि गुप्त कप्पा असतो म्हणतात, तो कसा शोधायचा?

कुलूप फोडू नका. ड्रॉवरच्या तोंडात आतून बसवलेलं कुलूप बहुधा चार स्क्रूंवर निघतं आणि कुलूपवाला त्याला किल्ली करून देतो. बंद अवस्थेत अडकलं असेल तर वरचा ड्रॉवर काढून किंवा पाठीची फळी सोडवून आत हात जातो. कुलपावर ब्रामा किंवा चब अशी जुन्या इंग्लिश कुलूपवाल्यांची नावं असतील तर ती जपा. ब्रामाचं पेटंट १७८४ चं, चबचं १८१८ चं, आणि पत्त्यासकट नाव असेल तर काळ ठरवायला त्याची मदत होते.

गुप्त कप्प्यासाठी टेप पुरे. छोट्या ड्रॉवरांची लांबी आणि त्यांच्यामागची एकूण खोली मोजा. मापं जुळत नसतील तर मागे जागा आहे. ब्युरोत मधल्या छोट्या दाराच्या दोन बाजूंचे शोभेचे खांब हळूच पुढे ओढून बघा, ते बऱ्याचदा उभे कप्पेच असतात. व्हर्सायमधलं राजा पंधराव्या लुईचं टेबल एबेन या कारागिराने १७६० मध्ये सुरू केलं आणि रिझनर या दुसऱ्या कारागिराने १७६९ मध्ये पूर्ण केलं. त्यात किल्लीच्या एका फिरकीने सगळं उघडायची यंत्रणा आहे. आपल्या ब्युरोतली युक्ती इतकी थोर नसेल, पण पहिल्यांदा तो खांब पुढे सरकतो तेव्हा अंगावर काटा येतो.

१७. वायरींसाठी टेबलाला भोक पाडू का?

वरच्या फळीला आणि बाजूंना कधीच नको. टेबल भिंतीपासून तीन-चार सेंटिमीटर पुढे घ्या आणि वायरी मागून सोडा. ब्युरोत वायर आत न्यायचीच असेल तर पाठीची एक फळी सोडवा, तिच्या मापाची साध्या लाकडाची दुसरी करून तिला भोक पाडा आणि मूळ फळी जपून ठेवा.

१८. घरात लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

उंच ड्रॉवरांचं कपाट भिंतीला बांधाच. मूल खालचे ड्रॉवर उघडून पायरीसारखं चढतं आणि कपाट पुढे कोसळतं. जुनी कपाटं जड असतात आणि पाय झिजल्यामुळे कधी पुढे कललेलीही असतात. पट्टा पातळ पाठीच्या फळीला न लावता आतल्या भक्कम चौकटीला लावा.

पेटाऱ्याचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागत असेल तर ते काढून टाका. मूल आत लपलं आणि झाकण लागलं तर ते आतून उघडत नाही, आणि आत हवा अगदी थोडी असते.

तिसरी गोष्ट जुना रंग. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणजे १९७० च्या दशकातलं व्हिंटेजही सुटत नाही. असा रंग कोरडा घासू नका, तपासून घ्या. मूल कडा चावत असेल तर ते टेबल त्याच्या खोलीत नको.

१९. जिन्यातून जाईल की नाही हे आधी कसं ठरवायचं?

मी एकदा एक अखंड सेक्रेटेअर दारापर्यंत आणून परत पाठवला आहे. दाराची रुंदी मोजली होती, जिन्याच्या वळणावरची छताची उंची मोजली नव्हती. तेव्हापासून वाट मोजते: प्रत्येक दार, वळण, लिफ्ट, आणि वस्तूची कर्णातली लांबी. पेडेस्टल डेस्क बहुधा तीन भागांत सुटतं, वरची फळी आणि दोन खांब. मोठी जुनी कपाटं बऱ्याचदा पाचरींवर जोडलेली असतात, म्हणजे एकही खिळा न काढता सुटतात. कुठली पाचर कुठली, याची चिकटपट्टीवर खूण करून ठेवा. उचलताना चौकटीला धरा, फळीच्या कडेला नाही. वरच्या कडेला धरून उचललेली फळी हातात येते.

२०. टेबल शिसवीचं आहे आणि ते दुसऱ्या देशात न्यायचंय. अडचण येईल का?

येऊ शकते. वन्य जीव आणि वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय करारात ब्राझिलियन रोझवुड, म्हणजे डाल्बर्जिया नायग्रा, १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यातलं बरंच देखणं फर्निचर नेमकं त्याच लाकडाचं आहे. २०१७ पासून डाल्बर्जिया प्रजातीतली बाकीची झाडंही, म्हणजे आपली शिसवीसुद्धा, त्याहून सौम्य अशा दुसऱ्या यादीत आली. २०१९ मध्ये त्यांना एका खेपेत १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंची सवलत मिळाली, पण टेबल त्याहून जड असणारच. जुन्या वस्तूंसाठी वेगळी प्रमाणपत्रं मिळतात, ती निघण्याआधी घ्यावी लागतात. किल्लीच्या भोकाभोवती हस्तिदंताची चकती असेल तर तो आणखी एक वेगळा परवाना. टेबल न्यायचं ठरवण्याआधी दोन्ही देशांच्या खात्यांकडे चौकशी करा.

२१. घरात कुठे ठेवू?

खिडकीच्या थेट उन्हात नको, लाकूड एका बाजूने फिकट होतं. हीटर किंवा एसीच्या झोतासमोरही नको. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांमध्ये आणि मुख्य म्हणजे स्थिर राहिली तर सांधे टिकतात. ओलसर बाहेरच्या भिंतीला पाठ पूर्ण टेकवू नका.

२२. वस्तू लांब आहे, फोटोंवरूनच ठरवायचंय. काय मागू?

पाठ, तळ आणि उलटा ड्रॉवर, हे तीन फोटो तर हवेतच. त्याशिवाय पायांचा जवळून फोटो (तुटून जोडलेले पाय फार वेळा भेटतात), बिजागरीभोवतीची जागा, आणि प्रत्येक ड्रॉवर उघडून बंद करतानाचा न कापलेला व्हिडिओ, आवाजासकट. मापं लिहून पाठवली तरी टेप लावलेला फोटो मागा, विशेषतः गुडघ्यांच्या जागेचा. विकणाऱ्याने पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर कपाट भिंतीला लागलेलं आहे म्हणून असेल. हलवून फोटो काढायला दोन दिवस द्या, आणि तरी आला नाही तर ती वस्तू सोडून द्या.